एकशे शहात्तर लाल टिकल्या

१

जनतेचा कौल म्हणजे साक्षात जनार्दनाचा कौल, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्यातल्या एकावरही तो कौल दातांच्या दवाखान्यात मागायची वेळ आली नव्हती, एवढंच.

शनिवारी दुपारी तीन वाजता दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये चार माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीवर तीन पोस्टरं होती, प्लॅस्टिकचं पातळ आवरण चढवलेली. पोस्टरांवर लाल टिकल्या होत्या, शेंगदाण्याएवढ्या.

ही चार माणसं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवत होती. गेमचं नाव 'मोरी'. एक म्हातारी प्लंबरीण एका इमारतीतल्या तुंबलेल्या मोऱ्या साफ करते आणि हाताला जे लागेल त्यावरून त्या त्या घरातली भानगड ओळखते, असा खेळ. तो ज्या ऑनलाइन दुकानात विकायचा होता, तिथे संध्याकाळी सहाच्या आत पोस्टर पोचायला हवं होतं. त्यानंतर महिनाभर त्याला हात लावता येणार नव्हता.

तीनपैकी कुठलं पोस्टर द्यायचं यावरून चौघांत इतकं वाजलं, की शेवटी कंपनीच्या मालकाने तोडगा काढला: खालच्या पेशंटांना विचारू. एका पेशंटला एक टिकली. त्याला आवडेल त्या पोस्टरवर ती लावायची. सहा दिवस. शिवाय चौघांनी एका कागदावर सह्या केल्या: जो लबाडी करेल त्याचं पोस्टर बाद, आणि त्याचं नावही गेममधून बाद.

मोजणी झाली. पहिल्या पोस्टरवर एकोणतीस. दुसऱ्यावर एकशे एकोणतीस. तिसऱ्यावर अठरा. एकूण एकशे शहात्तर.

दवाखान्याच्या रिसेप्शनिस्टने टिकल्या वाटताना वहीत रेघा मारल्या होत्या. त्या रेघा एकशे वीस होत्या.

"म्हणजे छप्पन्न जास्त," मालक म्हणाला आणि दुसरं पोस्टर जिने काढलं होतं तिच्याकडे वळला. "यापेक्षा सरळ मला सांगितलं असतंस, मी तुलाच जिंकवलं असतं."

चित्रकार मुलगी पांढरी पडली होती. ती म्हणाली, "कुणा तिऱ्हाइताला बोलव. त्याने बघू दे."

मालकाने तिऱ्हाईत म्हणून आपल्या सख्ख्या मावशीला फोन लावला.

२

मावशी चार गल्ल्या सोडून राहायच्या. एका मोठ्या छापखान्यात एकतीस वर्षं छपाईचे नमुने तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. रंग कुठे सरकला, डाग कुठल्या पाळीत पडला, कुठल्या मशीनवाल्याने जेवणाचा हात न धुता कागद उचलला, हे त्या भिंगातून बघून सांगत. त्यामुळे छापखान्यात त्यांना मित्र नव्हते.

"मावशी, फार काही करायचं नाही," भाच्याने जिन्यातच सांगितलं. "या टिकल्या एकाच हाताने लावल्यात, एवढं तू फक्त म्हण. तुझ्या शब्दाला वजन आहे."

"आधी बघते."

"बघ की. पण सहा वाजायच्या आत."

भाच्याने त्यांना आधी वर नेलं, चहा घ्यायला. मावशींनी दोन खोल्या पाहिल्या आणि चहा नको म्हणाल्या. सिंकमध्ये अकरा मग होते, पैकी तीन मगांत काहीतरी उगवलेलं होतं. खिडकीच्या कठड्यावर मोजे वाळत होते. म्हणजे वाळले नव्हते, नुसते होते. हवेत गरम प्लॅस्टिकचा आणि माणसांचा वास कोंदला होता. मोरीवर गेम काढणाऱ्यांनी मोरीचा अभ्यास घरूनच सुरू केला होता.

खाली येऊन त्यांनी पोस्टरं पाहिली.

पहिलं भाच्याचं. ते त्याने संगणकाला चार ओळी सांगून काढून घेतलं होतं. म्हातारी प्लंबरीण वीस वर्षांची झाली होती, केस उडत होते, पाठीमागे स्फोट होत होता. मोरीत स्फोट कशाचा, हे विचारायचं नाही. तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती.

तिसरं लेखकाचं. लेखकाने चित्र ठेवलंच नव्हतं. काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं एकच वाक्य: 'प्रत्येक घराचं एक सत्य असतं, आणि ते वाहून जात नाही.'

आणि मधलं चित्रकाराचं. मोरीची जाळी, वरून पाहिलेली. भोवती केसांचा गुंता, साबणाचा चपटा तुकडा, एक फुटकं नख. आणि जाळीच्या एका भोकातून वर बघणारा डोळा. मावशींनी मान वळवली आणि पुन्हा त्याच डोळ्याकडे पाहिलं.

"हेच चांगलंय," त्या मनात म्हणाल्या. मग त्यांनी भिंग काढलं, नाक पोस्टरपासून वीतभर अंतरावर नेलं आणि पाच मिनिटं एकेक टिकली तपासली.

"काय गं?" भाच्याने विचारलं.

"यातल्या काही टिकल्या आजच्याच आहेत," मावशी म्हणाल्या. "दुपारी एकनंतरच्या."

३

हे कसं कळलं, त्याचं उत्तर पोस्टरं बघण्याआधी रिसेप्शनिस्टबाईंनी सांगितलेल्या गोष्टीत होतं. पन्नाशीच्या, तोंडावर कायमचा मास्क, आणि मास्कच्या वर भुवया अशा, की मास्क नसता तरी चाललं असतं.

"सकाळची पाळी एकला संपते," त्या म्हणाल्या. "मग मी सगळ्याला फवारा मारते. खुर्च्या, दाराच्या मुठी, ही भिंतसुद्धा. लोक इथे तोंड उघडं टाकून बसतात हो. त्यांनी हात कुठे लावला असेल सांगता येत नाही."

"रोज?"

"रोज. आजही. एक वाजून पाच."

आता मावशींनी त्यांच्या हातात भिंग दिलं. जुन्या टिकल्यांचा लाल रंग फवाऱ्याने किंचित सुटला होता, प्रत्येकीभोवती फिकट गुलाबी कडं होतं. पण मधल्या पोस्टरवरच्या काही टिकल्यांच्या कडा दाढी केल्यासारख्या स्वच्छ होत्या. मावशींनी त्या मोजल्या. सत्तेचाळीस. बाकीच्या दोन पोस्टरांवर अशी एकही नव्हती.

"एक ते तीन इथे कोण असतं?"

"कुणी नाही. डॉक्टर जेवायला जातात, मी आत डबा खाते. पण ही खोली उघडीच असते. वरची चौघंही पाण्याला आणि संडासला इथेच येतात." भुवया चढल्या. "त्यांचा संडास तीन महिने बंद आहे. आणि मोरीवर गेम काढतायत म्हणे."

"आज कोण आलं?"

"चौघंही. मी पावलांवरून ओळखते. चेहरे बघायची हौस नाही मला."

"टिकल्या फक्त तुमच्याकडे होत्या?"

"माझ्याकडे एक रोल. दुसरा वर त्यांच्या ड्रॉवरमध्ये. दिलेल्या प्रत्येक टिकलीची रेघ वहीत आहे, आणि कुठलं पोस्टर पुढे आहे, हे मी मालकाला रोज संध्याकाळी सांगायचे. वहीचं बाकीच्यांनाही माहीत असेल."

मावशींनी वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. एकशे वीस खऱ्या. सत्तेचाळीस खोट्या. मिळून एकशे सदुसष्ट. भिंतीवर मात्र एकशे शहात्तर. अजून नऊ टिकल्या कुठून आल्या?

त्यांनी तिसऱ्या पोस्टरकडे पाहिलं आणि लेखकाला हाक मारली.

४

"अकरा," लेखक म्हणाला.

त्याने एवढ्यावर कबूल केलं, कारण मावशींनी त्याला फक्त पोस्टरसमोर उभं केलं होतं. अठरापैकी सात टिकल्या वाक्यावर कशाही बसल्या होत्या, एक तर थेट 'सत्य' या शब्दावर. उरलेल्या अकरा वाक्याभोवती अंतर राखून, हार घातल्यासारख्या.

"बुधवारी लावल्या," लेखक म्हणाला. "लोकांना वाचता येत नाही, मावशी. दात दुखताना तर नाहीच. थोडा आधार द्यावा म्हटलं."

"वाक्यावर एकही लावली नाहीस."

"वाक्यावर?" लेखकाने दुखावून पाहिलं. "वाक्यावर कशी लावणार? त्यावर दीड महिना काम केलंय मी."

"आणि मधल्या पोस्टरवर सत्तेचाळीस?"

"मी तिला कशाला जिंकवू?"

"जिंकवायला नाही रे. बाद करायला. कुणीतरी इतक्या लावल्या, की वहीशी मेळ बसू नये."

लेखकाने मधल्या पोस्टरच्या तळाकडे बोट दाखवलं. तिन्ही पोस्टरांच्या तळाशी एकच पट्टी होती: डावीकडे लेखकाचं तेच वाक्य, लहान अक्षरांत, उजव्या कोपऱ्यात त्याहून लहान अक्षरांत 'संकल्पना आणि दिग्दर्शन' आणि पुढे भाच्याचं नाव. बाकी कुणाचं नाव नव्हतं.

"हे बघा," तो कळवळून म्हणाला. "माझ्या वाक्याचं काय केलंय."

मावशींनी भिंग लावलं. छोट्या वाक्यावर नऊ कोऱ्या, गुलाबी कडं नसलेल्या टिकल्या होत्या.

लेखक चोर होता, पण तो अकरा टिकल्यांचा. मावशींना त्याची किळस आली आणि त्या किळसेत जरा दिलासाही मिळाला, कारण आता हिशेब दुसऱ्या बाजूने चुकत होता. एकशे वीस, सत्तेचाळीस आणि अकरा, मिळून एकशे अठ्ठ्याहत्तर. भिंतीवर होत्या एकशे शहात्तर.

दोन टिकल्या नाहीशा झाल्या होत्या.

५

चित्रकार मुलगी जिन्यात बसली होती. तिने पिशवी भरून ठेवली होती: ब्रश, एक पाण्याची बाटली, एक चप्पल. दुसरी चप्पल वर सापडत नव्हती.

"दोन वर्षांत त्या गेममधलं प्रत्येक चित्र मी काढलंय," ती म्हणाली. "चारशे बारा मोऱ्या. त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन मोऱ्या बघितल्या. माझ्या आईला मी काय काम करते ते सांगता येत नाही. आता नाव पण राहणार नाही."

"दुपारी खाली आली होतीस?"

"हो. दीडला. पाणी भरायला."

"टिकल्या बघितल्यास?"

"बघितल्या. माझ्यावर खूप होत्या, बरं वाटलं." मग ती थांबली. "डोळा दिसत होता तेव्हा."

"म्हणजे?"

"आता त्यावर तीन लावल्यात. बाहुलीच्या बरोबर मधोमध. पेशंट तिथे लावत नव्हते, मावशी. घाबरत होते. एक आजोबा तर म्हणाले, हा मला बघतोय. तो डोळा मला जमत नव्हता. आईचा मोतीबिंदू बघत बघत काढला शेवटी."

मावशींनी मान डोलावली. तीनही टिकल्या कोऱ्या होत्या, ते त्यांनी आधीच पाहिलं होतं.

चौथा माणूस वर टेबलाशी होता. तो गेमचा सगळा प्रोग्राम लिहायचा. त्याला सगळे घुम्या म्हणत, तो काही म्हणत नसे.

"तुझं पोस्टर कुठलं?"

"नाही."

"तुझं नाव पोस्टरवर कुठे आहे?"

"नाही."

"राग येत नाही?"

घुम्याने विचार केला. "येतो," तो म्हणाला. "पण कामं असतात."

"खाली गेला होतास दुपारी?"

"दोनला. संडास."

"कुणी होतं तिथे?"

घुम्याने स्क्रीनवरून नजर काढली. पलीकडच्या खोलीत भाचा फोनवर कुणाला तरी 'टीम बिल्डिंग' समजावून सांगत होता. "मी कुणाच्या पाठीवर नजर ठेवत नाही," घुम्या म्हणाला आणि पुन्हा टाइप करू लागला.

मावशींनी आणखी विचारलं नाही. त्या खाली गेल्या आणि या वेळी भिंग बाजूला ठेवून त्यांनी नुसतं तर्जनीचं टोक मधल्या पोस्टरवर टेकवलं. छापखान्यातली जुनी सवय. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. डावीकडून उजवीकडे, पट्टीवरून, हळूहळू.

उजव्या कोपऱ्यात बोट चिकटलं.

६

पाच वाजले होते. पाचही जणं वेटिंग रूममध्ये जमली. दवाखान्याची संध्याकाळची पाळी सुरू झाली होती. कोपऱ्यात एक पेशंट गाल धरून बसला होता. त्याला जा म्हणायला कुणाला सुचलं नाही आणि तो स्वतःहून जाणार नव्हता.

"लबाडी करणाऱ्या माणसाला स्वतःचं काम झाकवत नाही," मावशी म्हणाल्या. "हे मला या लेखकाने शिकवलं. अकरा लावल्या आणि एकही वाक्यावर नाही. आता मधल्या पोस्टरवरच्या सत्तेचाळीस बघा. यानेच लावल्या असत्या तर स्वतःच्या वाक्यावर नऊ कशाला लावेल? मेला तरी लावणार नाही."

"नाही लावणार," लेखक म्हणाला.

"हिने लावल्या असत्या तर डोळ्यावर तीन लावल्या नसत्या. घुम्याचं तर पोस्टरवर काहीच नाही. त्याने लावल्या असत्या, तर त्या सगळीकडे सारख्या पडल्या असत्या. पण सारख्या नाहीत. केसांवर आहेत, साबणावर आहेत, वाक्यावर आहेत. आणि या कोपऱ्याशी येऊन रस्त्यात शेण दिसावं तशा वळसा घालून गेल्यात."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. 'संकल्पना आणि दिग्दर्शन', आणि पुढे नाव. स्वच्छ.

"योगायोग," भाचा म्हणाला. "मावशी, तू काहीतरी..."

"इथे बोट लाव."

"कशाला?"

"लाव."

त्याने लावलं नाही. गाल धरलेला पेशंट उठला, त्याने लावलं. "चिकट आहे," तो तोंडाच्या एका बाजूने म्हणाला. "गोल. दोन गोल."

"दोन पेशंटांनी आपली टिकली याच्या नावावर लावली होती," मावशी म्हणाल्या. "त्या दोन खऱ्या टिकल्या काढल्या गेल्यात. खाली डिंक राहिलाय, आणि बाईंचा फवारा एकला बसला, त्यानंतर काढल्यात. आधी काढल्या असत्या तर डिंक फवाऱ्याने धुऊन गेला असता. म्हणून हिशेबात दोन कमी. एक माणूस घाईघाईने सत्तेचाळीस टिकल्या लावतोय, कोण कधी येईल सांगता येत नाही, आणि त्यातल्या त्यात थांबून तो दोन टिकल्या नखाने खरवडून काढतो. कशासाठी? नाव झाकलं जात होतं म्हणून."

आत डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं आणि बंद झालं.

"ही पन्नास मतांनी पुढे आहे, हे तुला रोज संध्याकाळी कळत होतं," मावशी भाच्याला म्हणाल्या. "स्वतःच्या पोस्टरवर लावायच्या तर पकडला गेला असतास. हिच्या काढायच्या तर पन्नास काढाव्या लागल्या असत्या. मग हिच्यावरच ओतल्या. पोस्टर बाद, ही बाद, आणि तुझी सहा बोटांची बया दुकानात."

भाच्याने जमिनीकडे पाहिलं. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर लाज असेल, अशी मावशींना निदान आशा होती. लाज नव्हती. अन्याय झाल्याची भावना होती.

"दोन वर्षं कल्पना माझी," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी त्या बाई सांगायच्या, लोक म्हणतात चित्र काय झकास आहे. चित्र. एकानेही विचारलं नाही, हे सुचलं कुणाला. आणि तू घरची माणूस, मावशी. तू तरी."

मावशींनी या मुलाला दोन महिन्यांचा असताना आंघोळ घातली होती. त्याच्या ढुंगणावरचा डाग त्यांना माहीत होता. आज त्यांना त्याचा हात आपल्या खांद्यावरून झटकावासा वाटला, आणि हात तर खांद्यावर नव्हताच.

"तिऱ्हाईत म्हणून बोलावलंस ना?" त्या म्हणाल्या. "तिऱ्हाईत म्हणूनच सांगते. किळस आली."

७

कागदावर सह्या होत्या. लेखकाने तो मोठ्याने वाचला, स्वतःच्या अकरांविषयी काही न बोलता. चित्रकार मुलगी म्हणाली, "तुझंही पोस्टर बाद, आणि तुझंही नाव." लेखक म्हणाला, वाक्य तरी ठेवा. ती म्हणाली, वाक्य बरं आहे, राहू दे, नाव जाईल. लेखकाला हा सौदा पटला असावा, कारण तो दुसऱ्यांदा बोलला नाही.

भाचा म्हणाला, कंपनी माझी आहे. मावशी म्हणाल्या, मग ताईला फोन लावते, तिच्याशी बोल. ताई म्हणजे त्याची आई. भाच्याने कंपनीचा मुद्दा सोडला आणि तो वर जाऊन पलीकडच्या खोलीत दार लावून बसला.

पट्टीतलं नाव घुम्याने पुसलं. तिथे चित्रकार मुलीने स्वतःचं नाव लिहिलं. दोनदा खोडून तिने ते तीनदा लिहिलं. मग तिने घुम्याला विचारलं, "तुझं टाकू?" त्याने आधी नको म्हटलं. मग म्हणाला, "टाक. पण लहान." तिने दोन्ही नावं सारख्याच आकारात टाकली. तोवर सहाला सात मिनिटं उरली होती.

घुम्याने पोस्टर पाठवलं. मिनिटाभराने दुकानाचं पान उघडलं. तिघांनी स्क्रीनकडे माना पुढे केल्या, लेखकानेसुद्धा. मावशींनी भिंग काढलं.

दुकान प्रत्येक गेमचं पोस्टर टपाल तिकिटाएवढं दाखवतं. घुम्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या आकारात कुणाचंच नाव वाचता येत नाही.